मदत हवी आहे: स्की-लिफ्टच्या कास्टिंगसाठी उणे ४० ची टेस्ट

मंडळी, बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांचा सल्ला हवाय. चेअरलिफ्टच्या (स्कीइंगवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या दोरावरच्या खुर्च्या) हब आणि बेअरिंग हाउसिंगची चौकशी आली आहे. ग्रेड जीजेएस-३५०-२२-एलटी (थंडीत न तडकणारं डक्टाइल आयर्न), म्हणजे उणे ४० अंशांना व्ही-नॉच शार्पीत (खाच पाडलेला नमुना हातोड्याने तोडून किती ऊर्जा लागते ते मोजणारी टेस्ट) तीन नमुन्यांची सरासरी १२ ज्यूल आणि एकही नमुना ९ च्या खाली नको.

आपलं रोजचं ५००/७ (जास्त ताकदीचं, पण कमी ताणलं जाणारं डक्टाइल आयर्न) इथे चालत नाही. पर्लाइट (लोखंडातली कडक रचना) राहिलं की कडाक्याच्या थंडीत भाग तडकतो. सिलिकॉन २.२ टक्क्यांवर गेलं तरी धोका तोच. इनॉक्युलंट (ओतण्याआधी घालायची सिलिकॉनयुक्त पूड) आणि मॅग्नेशियम ट्रीटमेंटमधून (ग्रॅफाइट गोलसर करण्यासाठीची) शेवटी चढणारं सिलिकॉन भट्टीत चार्ज, म्हणजे कच्चा माल, लावतानाच वजा धरावं लागतं. फॉस्फरस कमी ठेवायला चांगलं पिग आयर्न लागणार, स्क्रॅपवर भागणार नाही.

भीती बाजाराची जास्त आहे. लिफ्ट घेणारी स्की रिसॉर्ट्स थोड्याच कंपन्यांच्या हाती जाताहेत: अमेरिकेच्या वेल रिसॉर्ट्सने २०१६ मध्ये कॅनडातलं व्हिसलर ब्लॅककोम्ब घेतलं, २०१९ मध्ये पीक रिसॉर्ट्स या कंपनीची १७ ठिकाणं एकदम. गिऱ्हाईक मोठं, पण मोजकंच. २०२२ मध्ये वेलच्याच अमेरिकेतल्या पार्क सिटीतल्या दोन नव्या लिफ्टची परवानगी स्थानिक आक्षेपांमुळे अडकली आणि ती यंत्रं व्हिसलरला वळवली गेली. जागा बदलली की टॉवर आणि ड्रॉइंगही बदलू शकतात, मग पॅटर्नचा (साचा बनवायच्या नमुन्याचा) खर्च कोणाच्या माथी?

तर सांगा: बेळगाव किंवा कोल्हापुरात उणे ४० ची शार्पी भरवशाने कोण करून देतं? फेरिटायझिंग अ‍ॅनीलिंग (पर्लाइट घालवण्यासाठी कास्टिंग पुन्हा तापवणं) करावंच लागतं, की अ‍ॅज-कास्टमध्ये, म्हणजे ओतलं तसंच, निभावतं? आणि पॅटर्नचे पैसे आगाऊ घेण्याचं कलम ऑर्डरमध्ये नेमकं कसं घालता?