उत्तर: दुर्मिळ मृदा धातू – वाळू आहे, मग अडतंय कुठे?

‘दुर्मिळ मृदा धातूंची वाळू आपल्याच किनाऱ्यावर आहे, खाणकाम वाढवलं की या धातूंसाठीचं चीनवरचं अवलंबित्व संपेल’ हे म्हणणं अर्धंच पटतं. वाळू उपसणं हा यातला सोपा भाग आहे. केरळात चवऱ्याला किंवा ओडिशात छत्रपूरला वाळूतून मोनाझाइट (हे धातू असलेलं खनिज) वेगळं काढायला रसायनंही लागत नाहीत. वाळूतली इल्मेनाइट आणि रुटाइल ही खनिजं वीजवाहक, म्हणून ती उच्च दाबाच्या विद्युत विभाजकावर बाजूला होतात. उरलेल्यात झिरकॉन या खनिजाला चुंबक ओढत नाही, मोनाझाइटला थोडंसं ओढतो. घनता, वीज, चुंबक, एवढ्यावर काम भागतं.

खरी कसोटी पुढे लागते. मोनाझाइट कॉस्टिक सोड्यात उकळून फॉस्फेट काढलं (त्याचं ट्रायसोडियम फॉस्फेट विकलंही जातं) आणि थोरियम वेगळं केलं, की हातात उरतं ते लँथॅनम, सिरियम, प्रॅसिओडिमियम, निओडिमियम वगैरे दुर्मिळ मृदा धातूंचं मिश्रण. सिरियम त्यातल्या त्यात लवकर सुटतं. बाकीच्यांच्या आयनांचे आकार इतके जवळजवळ, की आम्लातलं द्रावण आणि केरोसीनमध्ये मिसळलेलं सेंद्रिय द्रावक यांना टाक्यांच्या लांबलचक रांगेतून पुन्हा पुन्हा एकमेकांत घुसळावं लागतं. दर टप्प्यात फरक पडतो तो किंचित. चीनने दशकानुदशकं याच कामात हात बसवलाय. आपल्याकडे केरळात आळुव्याला मोनाझाइटवर प्रक्रिया करण्याचं काम १९५०च्या दशकातच सुरू झालं, त्यामुळे पाया नाही असं मुळीच नाही. पैसा आणि माणसं घालायची तर ती या टाक्यांच्या रांगांत आणि ऑक्साइडपासून धातू व चुंबक बनवण्यात घालायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.