उन्हाळ्यात दिवसभराच्या सहलीसाठी डब्यात काय न्यावे?

प्रश्न : फोंडेकर

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सहा जण गोव्यातल्या फोंड्याहून तांबडी सुर्लाला जाणार आहोत. सकाळी साडेसातला निघावे, महादेवाचे मंदिर पाहून सावलीत जेवावे आणि संध्याकाळपर्यंत परतावे, असा बेत आहे. सोबत दोन शाळकरी मुले, मधुमेह असलेल्या सासूबाई आणि रक्तदाबाची गोळी घेणारे सासरे असतील. भात, सोलकढी आणि ओल्या नारळाची चटणी न्यावी, असा घरातल्यांचा आग्रह आहे. मला मात्र ते पदार्थ दुपारी एकपर्यंत टिकतील असे वाटत नाही. वाटेत मिळेल त्यावर विसंबायचे नाही आणि मुलांचा दिवस चिप्सच्या पाकिटांवर काढायचा नाही. तर डब्यात काय भरावे आणि ते कसे न्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : म्हापशाची सुगरण

तुमची शंका अगदी रास्त आहे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून ते दोन तासांहून अधिक आणि हवा ३२ अंशांच्या वर असल्यास एका तासाहून अधिक बाहेर ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. ओला नारळ तर आपल्याकडच्या दमट हवेत सगळ्यांत आधी दगा देतो. भाताचेही तसेच आहे : तांदळातील काही जीवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की ते पुन्हा वाढू लागतात. तेव्हा हे तिन्ही पदार्थ घरीच राहू द्यावेत.

त्याऐवजी सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, ताज्या पोया घ्याव्यात. कोंडा असलेल्या पिठाच्या या पोया आतून पोकळ असल्याने कडेने चिरल्या की पिशवीसारख्या उघडतात. त्यांत अळसांद्याची, म्हणजे चवळीची, सुकी उसळ भरावी. तोणक, म्हणजे रस्सा उसळ, नको, कारण त्यात नारळाचे वाटप येते. तेच अळसांदे मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावेत आणि उतरवल्यावर लिंबू पिळावे. उसळ वेगळ्या डब्यात न्यावी आणि जेवायला बसल्यावरच भरावी, नाहीतर पोई ओलसर होऊन चिवट लागते.

उत्तर : डिचोलीकर

वरील सल्ला चांगला आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. उसळ सुकी केली तरी ते शिजवलेले कडधान्यच आहे. लिंबू पिळल्याने ते साडेपाच तास सुरक्षित राहील, असे मानू नये. ती आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये गार करावी आणि सकाळी थेट थंड पिशवीत ठेवावी. गरम डबा त्या पिशवीत ठेवला की बाकीचेही तापते.

बर्फाच्या खड्यांपेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून न्याव्यात, म्हणजे त्या डबे गार ठेवतात आणि दुपारी पिण्यासही उपयोगी पडतात. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगते, त्यामुळे बाटली काठोकाठ भरू नये. गार हवा खाली उतरते, म्हणून निदान एक बाटली डब्यांच्या वर असावी. पिशवी गाडीच्या डिकीत ठेवण्यापेक्षा पायाशी ठेवावी आणि मंदिराकडे जाताना ती गाडीत सोडून जाऊ नये, कारण उन्हात उभी राहिलेली बंद गाडी अर्ध्या तासातच बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, काजू, कुरमुऱ्यांचा सुका चिवडा आणि अख्खी केळी यांना मात्र गारव्याची गरज नसते. मुलांच्या मधल्या वेळेच्या खाण्यासाठी ती वेगळ्या थैलीत हाताशी ठेवावीत.

फोंडेकर

दोघांचेही आभार. सोलकढी बाजूला ठेवायची, तर कोकमाचे पाणी चालेल का? आमच्या घरी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली नेहमीच असते.

उत्तर : मडगावची आहारतज्ज्ञ

नारळाचे दूध नसलेली फुटी कढी किंवा साधे कोकमाचे पाणी जरूर न्यावे. मात्र ते स्टीलच्या किंवा काचेच्या बाटलीत भरावे, तांब्या-पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात नको, कारण आंबट पदार्थ धातूशी प्रक्रिया करतो. आगळात मीठ आधीच भरपूर असते, म्हणून सासऱ्यांसाठी ते अगदी थोडे घ्यावे किंवा सुकी आमसुले भिजवून वेगळे पाणी करावे. सासूबाईंच्या वाट्याच्या पाण्यात साखर घालू नये. त्यांचे खाणे आणि गोळ्या नेहमीच्या वेळी व्हाव्यात, जेवण लांबू देऊ नये, आणि त्या इन्सुलिन घेत असल्यास ते थंड पिशवीत असावे, पण गोठलेल्या बाटलीला थेट चिकटून नको.

गोव्यात पारा ३४ अंशांवर असला तरी दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि अंग गार होत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता सर्वांना थोड्या थोड्या वेळाने साधे पाणी द्यावे. ओआरएसची पाकिटे जवळ असू द्यावीत. ती नसल्यास आणि कोणाला जुलाब किंवा उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असे द्रावण चालते. चमचा चहाचा घ्यावा.

उत्तर : म्हापशाची सुगरण

डिचोलीकरांची दुरुस्ती मान्य आहे. फळांबद्दल एवढेच सांगते की कलिंगड घरी चिरून नेले तर तेही थंड पिशवीतच ठेवावे लागते आणि डबा जड होतो. मानकुराद आंबे मात्र अख्खे न्यावेत. सुरी आणि हात धुण्यापुरते पाणी विसरू नये. सासूबाईंना आंबा एखादी फोडच द्यावी. वाटेत कोणी निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, देऊ केला, तर तिथेच पिऊन घ्यावा. बाटलीत भरून गाडीत ठेवला की उन्हात तो लगेच आंबू लागतो आणि झाकण उडून सगळ्या डब्यांवर सांडतो.