मुख्यालयाने पाठवलेले पर्यावरण-पैलूंचे रजिस्टर आमच्या साइटला लागू पडत नाही; त्यात बदल करता येतो का?

पर्यावरण_परभणी

नमस्कार. मी एका मोठ्या बांधकाम कंपनीत पर्यावरण अधिकारी असून दीड वर्षापासून परभणी जिल्ह्यातील रस्त्याच्या कामावर आहे. कंपनीकडे आयएसओ १४००१:२०१५ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र आहे आणि यंदाच्या बाह्य लेखापरीक्षणासाठी निवडलेल्या साइटमध्ये आमची साइट आली आहे. त्यासाठी मुख्यालयाने पर्यावरणीय पैलू (कामातील पर्यावरणावर परिणाम करू शकणाऱ्या बाबी) व त्यांच्या परिणामांचे तयार रजिस्टर पाठवले आहे. ते मुळात कोकणातील एका पुलाच्या कामासाठी केलेले असावे, कारण त्यात पायलिंगचा (पायाचे खांब जमिनीत खोल घालण्याचा) आवाज आणि खाडीत जाणारा गाळ यांना सर्वाधिक गुण आहेत, तर पाण्याचा वापर "कमी महत्त्वाचा" म्हणून शेवटच्या पानावर गेला आहे. आमच्याकडे मात्र फेब्रुवारीनंतर आजूबाजूच्या गावांतील बोअर आटू लागतात आणि आमचे टँकर त्याच शिवारातून पाणी उचलतात.

मी पाण्याचे गुण वाढवण्याचे सुचवले, तेव्हा प्रकल्प व्यवस्थापकांनी सांगितले की, एकदा पैलू महत्त्वाचा ठरवला की उद्दिष्ट, मोजमाप आणि नोंदी हे सगळे दाखवावे लागेल आणि परीक्षक त्यातूनच त्रुटी काढतील. त्यांचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही. साइटला स्वतःचे रजिस्टर करण्याची मुभा असते का, आणि असल्यास पाण्याचा हिशोब कुठून सुरू करावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मुरूम_आणि_खडी

ताई, मुभा आहे असे म्हणण्यापेक्षा ते तुमचे कामच आहे असे म्हणावे लागेल. मानकाच्या ६.१.२ या कलमानुसार संस्थेने आपल्या कामांचे, उत्पादनांचे व सेवांचे पैलू ठरवायचे असतात, आणि त्यात नेहमीच्या परिस्थितीबरोबर असाधारण परिस्थिती व संभाव्य आपत्तीही धरायच्या असतात. परभणीच्या भरावाचे पैलू कोकणातील पुलाच्या रजिस्टरवरून ठरवता येत नाहीत. पद्धत आणि गुण देण्याचे निकष मुख्यालयाचे राहू द्या, पण रकान्यांत भरायची माहिती तुमच्या जागेचीच असली पाहिजे.

आता पाण्याच्या हिशोबाविषयी. बहुतेक साइटवर पाणी म्हटले की काँक्रीट आणि क्युरिंग (घातलेले काँक्रीट ओले ठेवणे) एवढेच डोळ्यांसमोर येते. एक घनमीटर काँक्रीट मिसळायला साधारण दीडशे ते पावणेदोनशे लिटर पाणी लागते आणि बॅचिंग प्लांटवर (काँक्रीट तयार करण्याच्या यंत्रणेवर) त्याची नोंद आपोआप होत असल्यामुळे तो आकडा सहज मिळतो. खरे पाणी पितो तो भराव. दाबलेल्या मुरमाचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन भरते. त्यातील ओलावा इष्टतम पातळीपर्यंत, म्हणजे मुरूम सर्वांत घट्ट दाबला जाईल इतका, नेण्यासाठी केवळ चार टक्क्यांनी वाढवायचा म्हटला, तरी घनमीटरमागे ८० लिटर पाणी लागते. एक लाख घनमीटर भरावाला ८० लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ८०० टँकर होतात, आणि त्यात उन्हाने उडून जाणारे पाणी धरलेलेच नाही. कच्च्या रस्त्यांवर धूळ बसवण्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा मारलेले पाणी याहून वेगळे. हे दोन्ही आकडे तुमच्या रजिस्टरमध्ये नसतील, तर ते रजिस्टर रस्त्याच्या कामाचे नाहीच.

यावर उपायही आहेत. पावसाळा उलगडल्यावर खाणीतील मुरमात नैसर्गिक ओल असते, तेव्हा भरावाचा मोठा वाटा त्या काळात उरकण्याचे वेळापत्रक नियोजन विभागाकडून करून घ्या. क्युरिंगला उघडे पाणी मारण्याऐवजी ओले गोणपाट किंवा क्युरिंग कंपाउंड (ओल टिकवणारा लेप) वापरा. ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहून नेणाऱ्या गाड्या) धुतलेले पाणी निवळण टाक्यांतून घेऊन पुन्हा वापरा. सिमेंटमुळे ते तीव्र अल्कधर्मी असते, त्यामुळे ते नाल्यात सोडणे हा वेगळाच गुन्हा ठरू शकतो. काम शहराच्या जवळ असेल, तर मलनिस्सारण प्रकल्पातील प्रक्रिया केलेले पाणी भरावासाठी आणि धुळीसाठी मिळते का, ते महानगरपालिकेला किंवा नगरपरिषदेला लेखी विचारा. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी याच विभागात मी कामावर होतो, आणि रस्त्यावर टँकर रिकामा होताना गावकरी उभे राहून पाहत असत, ते मी आजही विसरलेलो नाही.

मोसंबी_जालना

मी बांधकामातला नाही, रस्त्यालगत माझी मोसंबीची बाग आहे. तरीही राहवले नाही म्हणून लिहितो. आमच्या शिवाराजवळ एका कंपनीचे काम दोन वर्षे चालले होते. आंबिया बहराच्या दिवसांत टिप्परची वर्दळ वाढली आणि फुलांवर, पानांवर धुळीचा थर बसला. कार्यालयात विचारायला गेलो, तर भिंतीवर चौकटीत लावलेले पर्यावरण प्रमाणपत्र दाखवण्यात आले. त्या कागदाचा आणि माझ्या बागेचा काय संबंध, हे मला कोणी समजावून सांगितले नाही.

ताई, आपण ज्या गावातून टँकर भरता, तिथल्या ग्रामपंचायतीला कोणत्या विहिरीतून किती पाणी उचलले, हे महिन्याला लेखी कळवावे, एवढीच विनंती आहे. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर महाराष्ट्रात कायद्याने निर्बंध आहेत, पण पाणी विकणारा शेतकरी आणि विकत घेणारा ठेकेदार या दोघांनाही ते पुष्कळदा ठाऊक नसते.

लेखापरीक्षक_संभाजीनगर

मी प्रमाणन संस्थेसाठी परीक्षण करतो, म्हणून व्यवस्थापकांच्या भीतीबद्दल स्पष्ट सांगतो. एखादा पैलू महत्त्वाचा ठरवला म्हणून त्रुटी लिहिली जात नाही. गेटवर टँकरची रांग उभी आहे आणि रजिस्टर म्हणते की पाण्याचा वापर नगण्य आहे, अशी विसंगती दिसली की ती लिहावी लागते. उद्दिष्ट नुकतेच ठरवले असून नोंदी दोनच महिन्यांच्या आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितलेले चालते. मागील तारखा टाकून एकाच पेनाने भरलेले लॉगबुक मात्र लगेच ओळखू येते.

अनेक साइट असलेल्या कंपनीत बाह्य परीक्षक सगळीकडे जात नाहीत. साइट एकसारख्या स्वरूपाच्या असतील, तर पहिल्या परीक्षणात त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे २५ पैकी ५ साइट निवडल्या जातात. उरलेल्यांचा भरवसा अंतर्गत लेखापरीक्षणावर असतो, त्यामुळे तुमचा आक्षेप अंतर्गत परीक्षणाच्या अहवालात लेखी येऊ द्या. तो मुख्यालयाच्या व्यवस्थापन आढाव्यापर्यंत पोहोचतो. शिवाय मानकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर हवामान बदल आपल्या संस्थेसाठी संबंधित मुद्दा आहे का, हे ठरवणे बंधनकारक झाले आहे. मराठवाड्यातील साइटने त्याचे उत्तर "नाही" असे दिले, तर मी पुढचे सगळे प्रश्न पाण्यावरच विचारीन.

जाता जाता, वापरलेल्या इंजिन ऑइलची पिंपे मोजून ठेवा. ते घातक कचऱ्यात मोडते, ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच मॅनिफेस्टसह (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) द्यावे लागते. उपकंत्राटदार ते भंगारात विकून टाकतात आणि उत्तर तुम्हाला द्यावे लागते.

पर्यावरण_परभणी

सर्वांचे मनापासून आभार. आज फेब्रुवारीतील टँकरच्या सगळ्या पावत्या काढून बसले. फेऱ्या आणि रक्कम प्रत्येक पावतीवर आहे, पण पाणी कुठून भरले तो रकाना बहुतेक पावत्यांवर कोराच आहे. स्रोताचे नाव आणि गट क्रमांक लिहिल्याशिवाय टँकरची नोंद गेटवर करू नये, असे पत्र तयार करून प्रकल्प व्यवस्थापकांच्या सहीसाठी ठेवले आहे. ग्रामपंचायतींना कळवण्याचा मुद्दाही त्याच पत्रात घातला आहे. पिंपे आत्ताच मोजून आले. अकरा आहेत आणि तीनवर तारीख नाही.