डिझर्टेशनला नापास केलंय, अपील करून काही होतं का?

वैतागलेली: शेवटी शेवटी आजारी होते, एक्स्टेन्शनसाठी गाईडना मेल टाकला तर उत्तरच नाही, तसंच सबमिट केलं आणि नापास. वर फीडबॅकमध्ये 'मेथडॉलॉजी कमकुवत', जे मला अजिबात पटलेलं नाही. अपील करू, की उगाच डोक्याला ताप?

जुनं खोड: कर, पण मेथडॉलॉजीवरून भांडत बसू नकोस. परीक्षकाचं मत पटलं नाही एवढ्यावर अपील सहसा उभंच राहत नाही, कमिटी बघते ती प्रक्रिया नीट पाळली का आणि आजारपण विचारात घेतलं का. त्यामुळे तुझा हुकमी एक्का म्हणजे तो मेल, तारीख-वेळ दिसेल असा पीडीएफ करून ठेव.

रात्रपाळी: डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर नुसतं 'आजारी होती' चालत नाही हां, कधीपासून कधीपर्यंत ते हवं, आणि त्या तारखा सबमिशनच्या काळाशी जुळायला हव्यात. आणि अपीलची मुदत आधी बघ!! बऱ्याच ठिकाणी निकाल कळवल्याच्या तारखेपासून मोजतात, गाईडच्या उत्तराची वाट बघत बसलीस तर गेली.

वैतागलेली: गाईड चिडले तर?

जुनं खोड: त्यांच्यावर आरोप करूच नको ना. 'अमुक तारखेला मेल केला, उत्तर आलं नाही' एवढंच लिही, राग वेगळ्या तक्रारीत काढ. आणि काय हवंय ते स्पष्ट माग, म्हणजे पुन्हा सबमिट करायची संधी, कारण मार्क थेट वाढवून क्वचितच देतात.