वकिलीत एआय: कशासाठी वापरावं, कुठे थांबावं? सल्ला हवा आहे

कोरा कागद

नमस्कार. दिवाणी दावे आणि करारांची कामं करते. ऑफिस छोटं आहे, मी आणि दोन ज्युनिअर. एआय आमच्याकडे कुणी ठरवून आणलं नाही, वर्षभरात हळूहळू शिरलं. आधी नोटिशींचे मसुदे, मग लांबलचक निवाड्यांचा सारांश, मग "या मुद्द्यावर एखादा दाखला, म्हणजे आधीचा निवाडा, आहे का" असं विचारणं.

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने लेखी युक्तिवादाचा मसुदा आणून दिला. भाषा सफाईदार, मुद्दे ओळीने लावलेले. एका निवाड्यातला परिच्छेद ३४ अवतरणचिन्हांत दिला होता. निवाडा खरा, माझा पूर्वी वाचलेला. पण वाक्य काही केल्या आठवेना, म्हणून निवाडा काढला, तर तो परिच्छेद २७ वरच संपतो. ते वाक्य त्यात कुठेही नाही. दाखल करायला दोन दिवस हातात होते म्हणून निभावलं. त्या मुलीला बोलायला माझी जीभ उचलली नाही, कारण कसं वापरायचं हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

"वापरूच नका" एवढंच सांगू नका, ही विनंती. तीनशे पानांच्या कागदपत्रांतून घटनाक्रम लावायला जे दोन दिवस जायचे ते आता अशिलाशी बोलण्यात आणि युक्तिवादावर विचार करण्यात जातात. हा फायदा मला सोडायचा नाही. पण कुठलं काम द्यायचं, कुठलं नाही? अशिलाचे कागद त्यात घालावेत का? फी कशी लावायची? आणि सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, की या दोघी वकिली शिकणार कशा?

तिसरी तारीख

ताई, तुमचं ते परिच्छेद ३४ चं प्रकरण अख्ख्या बनावट निवाड्यापेक्षा घातक आहे. निवाडाच अस्तित्वात नसेल तर शोधताक्षणी कळतं. नाव खरं आणि मजकूर खोटा असेल तर निवाडा उघडून वाचल्याशिवाय पत्ता लागत नाही, आणि घाईच्या दिवशी नेमकं तेच राहून जातं.

असं का होतं ते ज्युनिअरना समजावून सांगा, नुसता नियम घालू नका. एआयचं मॉडेल पुढचा शब्द कोणता शोभेल त्याचा अंदाज बांधत लिहितं. दाखल्याचा साचा ठरलेला असतो: पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, पान. तो साचा त्याने लाखो वेळा पाहिलेला आहे, त्यामुळे त्यात बसणारं काहीही ते न अडखळता लिहून देतं.

माता विरुद्ध एव्हिआन्का हे न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातलं २०२३ चं प्रकरण दोघींकडून पूर्ण वाचून घ्या. विमानात खाद्यपदार्थांची ढकलगाडी गुडघ्याला लागली म्हणून प्रवाशाने दावा केला होता. त्याच्या वकिलांनी दिलेले सहा निवाडे विरुद्ध बाजूला सापडेचनात, कारण ते अस्तित्वातच नव्हते. वकिलाने चॅटबॉटलाच "हा खटला खरा आहे ना?" असं विचारलं होतं, आणि त्याने हो म्हटलं होतं. ५,००० डॉलर दंड झाला. लोक दंडापाशी थांबतात, पण पुढचं वाचण्यासारखं आहे. न्यायाधीश कॅस्टेल यांनी साधन वापरण्यात मुळात गैर काही नाही असं म्हटलं. कोर्टाने विचारणा केल्यावरही वकील त्या निवाड्यांना चिकटून राहिले, हे त्यांना महागात पडलं. म्हणून आमच्याकडे पक्कं ठरलंय, चूक दाखल झाल्यावर लक्षात आली तर त्याच दिवशी कोर्टाला लेखी कळवायचं. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

कामाची विभागणी मी अशी करतो. जे उत्तर त्याला आठवणीतून द्यावं लागेल ते विचारायचं नाही. "अमुक मुद्द्यावर कायदा काय आहे" हा प्रश्न त्याला नाहीच. कागद त्याच्यासमोर ठेवायचा आणि त्या कागदाबद्दलच विचारायचं. घटनाक्रम लाव, या दोन मसुद्यांतला फरक दाखव, या कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, दाव्यातल्या कुठल्या परिच्छेदाला उत्तरच दिलेलं नाही ते सांग. शेवटच्या कामात ते फार उपयोगी पडतं. आणि प्रत्येक विधानासमोर पान क्रमांक मागायचा. पान नाही तर विधान नाही.

खास वकिलांसाठी बनवलेली संशोधनाची साधनं घेतली की प्रश्न मिटला, असंही नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तपासलेली अशी साधनं सहापैकी एका प्रश्नाला किंवा त्याहूनही जास्त वेळा चुकीची माहिती देत होती. ती निवाड्यांच्या साठ्यात शोधून उत्तर देतात, त्यामुळे सर्वसाधारण चॅटबॉटपेक्षा बरी. पण निवाडा खरा आणि त्यातून काढलेला अर्थ उलटा, असं तिथेही होतं. विरुद्ध बाजूचा युक्तिवाद नोंदवताना न्यायाधीशांनी लिहिलेलं वाक्य ही साधनं कोर्टाचं मत म्हणून उचलतात.

साक्षीपुरावा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण "कागद समोर ठेवला की सुरक्षित" असं कुणी समजू नये.

मी फौजदारी बाजूला आहे. एका साक्षीदाराचा जबाब आणि उलटतपासणी मिळून साठेक पानं होती. एआयकडून सारांश मागितला, छान दोन पानांचा मिळाला. त्यात लिहिलं होतं, "साक्षीदार आला तेव्हा दार उघडं होतं." मूळ उलटतपासणीत साक्षीदार म्हणतो, "दार उघडं असावं." अख्खा बचाव त्या "असावं" वर उभा होता. त्याने दार पाहिलंच नव्हतं, अंदाजाने बोलत होता. सारांशाने वाक्य नीटनेटकं केलं आणि शंका पुसून टाकली. पान क्रमांक बरोबर, ओळ बरोबर, अर्थ गेला.

तेव्हापासून साक्षीपुराव्याचा सारांश मी एआयकडून घेत नाही. विषयवार पानं शोधून घेतो: दाराबद्दल कुठे कुठे बोलणं झालंय, वेळेबद्दल कुठे. मग ती पानं स्वतः वाचतो. साक्षीदार कुठे अडखळला, कुठे "आठवत नाही" वरून "नव्हतं" वर आला, हे डोळ्यांनीच टिपावं लागतं.

आणखी एक सांगतो. स्कॅन केलेल्या हस्तलिखित पानांवर ते काही न बोलता पुढे जातं. "ही पानं वाचता आली नाहीत" असं दर वेळी सांगेलच असं नाही. म्हणून आधी विचारा, एकूण पानं किती, प्रत्येक पानाची पहिली ओळ काय. जिथे ओळ येत नाही ती पानं हाताने वाचायला काढून ठेवा.

दुभाषी

कोर्टासाठी भाषांतरं करते. मला रोज दिसणारी चूक क्रियापदाच्या शेपटीत असते. करारात "भाडेकरू लेखी कळवू शकेल" असं होतं, यंत्राच्या भाषांतरात "भाडेकरू लेखी कळवील" आलं. मुभा होती, तिचं बंधन झालं. तसंच "किंवा" आणि "आणि", "पासून" आणि "नंतर". मुदत "नोटीस मिळाल्यापासून" की "नोटीस मिळाल्यानंतर", यावर एका दिवसाचा फरक पडतो आणि त्या एका दिवसामुळे दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो.

पहिला खर्डा यंत्राकडून घ्यायला माझी हरकत नाही, वेळ वाचतो. पण मूळ कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून रुजवात घातल्याशिवाय सही करत नाही. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण काढलं, त्यातही यंत्राचं भाषांतर जाणकार भाषांतरकाराने किंवा न्यायाधीशाने तपासावं असं आहे. निष्कर्ष काढायला, आदेश किंवा निकाल द्यायला एआय वापरायचंच नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

करारनामा

गोपनीयता आणि फी, या दोनच मुद्द्यांवर बोलतो.

फुकटच्या सर्वसाधारण चॅटबॉटमध्ये अशिलाचा कागद कधीही घालू नये. नाव खोडलं की झालं, हा गैरसमज आहे. व्यवहाराची रक्कम, तारीख, जागेचं वर्णन यावरून माणूस ओळखू येतो. पैसे भरून घेतलेल्या सेवेतही करार वाचा. दिलेला मजकूर मॉडेल शिकवायला वापरणार का, किती दिवस ठेवणार, सेवा देणाऱ्याचे कर्मचारी तो पाहू शकतात का, पुसायला सांगितलं तर पुसणार का. आपण दुसऱ्यांचे करार तपासून देतो, हा आपला आहे, तो न वाचता "मान्य" दाबू नये.

अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये या विषयावर मत क्रमांक ५१२ प्रसिद्ध केलं. ते अमेरिकी वकिलांसाठी असलं तरी विचार कुणालाही लागू पडतो. दिलेल्या मजकुरातून शिकत राहणारं साधन असेल तर अशिलाची माहिती घालण्याआधी त्याची समजून-उमजून दिलेली संमती लागते, वकीलपत्राच्या तळाशी छापील ओळ टाकून भागत नाही. तासावर फी घेणाऱ्याने प्रत्यक्ष लागलेल्या वेळाचीच घ्यावी. जे काम साधनामुळे पंधरा मिनिटांत झालं त्याचे जुन्या हिशोबाने चार तास लावता येत नाहीत. तपासणीचा वेळ मात्र जरूर लावा, तो खरा कामाचा वेळ आहे. मी बिलात "मसुदा" आणि "पडताळणी" अशा दोन वेगळ्या ओळी लिहितो. आजवर कुणा अशिलाने पडताळणीच्या पैशांबद्दल वाद घातलेला नाही.

अशील

मी वकील नाही, पण लिहावंसं वाटलं. माझ्या वाटणीच्या दाव्यात मीच चॅटबॉटला विचारून दहा पानं माझ्या वकिलांना पाठवली होती. त्यांना मदत होईल असं मनापासून वाटलं होतं. त्यांनी ती वापरली की नाही मला माहीत नाही, आणि आता हा धागा वाचून धडधडतंय. तुम्ही लोक अशिलाला याबद्दल काही विचारता का?

तिसरी तारीख

तुम्ही फार महत्त्वाचं विचारलंत. आज त्यांना फोन करून सांगा की ती पानं चॅटबॉटची आहेत, तपासलेली नाहीत. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये अगदी अशाच प्रकरणात निकाल दिला. अर्जात ४५ दाखले होते, त्यातले १८ अस्तित्वातच नव्हते. संशोधन अशिलाने स्वतः एआयच्या मदतीने केलेलं आणि वकिलाने त्यावर विसंबून ते दाखल केलेलं. अशिलाने माफी मागितली, पण कोर्टाने बजावलं की अचूकतेसाठी अशिलावर विसंबणं हेच मुळात विलक्षण आहे. त्यामुळे दोष स्वतःकडे घेऊ नका.

दुसरं, तुमच्या दाव्यातल्या कच्च्या बाजू चॅटबॉटशी बोलू नका. वकिलाशी केलेल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असतं. तेच चॅटबॉटशी केलेल्या बोलण्याला मिळेल असं गृहीत धरू नका.

ताई, पहिल्या भेटीत विचारायच्या गोष्टींत हा प्रश्न घाला: "या प्रकरणाबद्दल कुठल्या चॅटबॉटला काही विचारलंय का? असेल तर ते पुसू नका, मला दाखवा."

नुकतीच पास

मी कुणाची तरी ज्युनिअर आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नावर लिहिते. आमच्या सरांनी सुरुवातीला सगळं यंत्राकडे दिलं आणि मला फक्त तपासायला सांगितलं. तीन महिन्यांनी लक्षात आलं की मला तपासताच येत नाहीये. निवाड्यात कोर्टाने प्रत्यक्ष ठरवलेलं किती आणि जाता जाता म्हटलेलं किती, हे ओळखायला आधी पुष्कळ निवाडे अथपासून इतिपर्यंत वाचलेले असावे लागतात. माझे तेवढे झालेलेच नव्हते.

मी सरांना तसं सांगितलं. आता क्रम उलटा केलाय. निवाडा आधी मी वाचते, अर्धं पान हाताने लिहिते: वस्तुस्थिती, मुद्दा, कोर्टाने काय ठरवलं, का ठरवलं. मग यंत्राचा सारांश काढतो आणि दोन्ही शेजारी ठेवतो. कधी माझं सुटलेलं असतं, कधी त्याचं. गेल्या आठवड्यात त्याने असहमतीचं मत बहुमताचं म्हणून दिलं होतं, ते मी पकडलं. सर काही बोलले नाहीत, पण पुढचा युक्तिवाद त्यांनी मला उभं राहून करायला दिला. तुमच्या ज्युनिअरला परिच्छेद ३४ साठी रागावला नाहीत हे वाचून बरं वाटलं. पण तिला तो निवाडा पूर्ण वाचायला लावा, प्लीज.

कोरा कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघींना धागा वाचायला दिला, आणि तो निवाडा तिने काल सत्तावीसच्या सत्तावीस परिच्छेद वाचून मला समजावून सांगितला.

एवढं ठरवलंय. दाखल्यांची एक वही करतोय. कोर्टात जाणारा प्रत्येक दाखला कुणी पूर्ण वाचला, कुठला परिच्छेद, मूळ प्रत कुठून काढली, आणि वाचणारीची सही. वहीत नोंद नसेल तर तो मसुद्यात राहणार नाही, मग तो यंत्राने दिलेला असो की माझ्या आठवणीतला. साक्षीपुराव्याचा सारांश बंद, फक्त पानं शोधायला वापरायचं. अशिलाची संमती वेगळ्या कागदावर, साध्या भाषेत. आणि दर आठवड्याला प्रत्येकीने एक निवाडा आधी हाताने.

वहीत काही राहिलंय का?

तिसरी तारीख

वाचल्याची तारीख. निवाडा आज वाचला आणि युक्तिवाद चार महिन्यांनी झाला, तर मधे वरच्या कोर्टाने तो फिरवलेला असू शकतो. युक्तिवादाच्या आदल्या दिवशी पुन्हा बघून दुसरी तारीख टाकायची.

कोरा कागद

दोन रकाने वाढवले.