सामना १-१, तरी एकच संघ वर: जपानच्या जे२ चा २०२३ चा निकाल तुम्हाला पटतो का?

उडता_गोलकीपर

२ डिसेंबर २०२३. तोक्योचं राष्ट्रीय स्टेडियम, ५३,२६४ प्रेक्षक. आणि सामना कुठला, तर जपानी फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे जे२ चा! तोक्यो वेर्दी विरुद्ध शिमिझु एस-पल्स. पहिले दोन संघ थेट वर गेलेले; ही तिसऱ्या ते सहाव्यांमधल्या प्लेऑफची फायनल, वर जाण्याच्या शेवटच्या जागेसाठी. ६३व्या मिनिटाला वेर्दीचा कर्णधार मोरिता याच्या हाताला चेंडू लागला आणि थियागो सांतानाने पेनल्टीवर गोल केला. शिमिझु तीस मिनिटं ती आघाडी सांभाळत बसले. ९०+६ ला सोमेनोने वेर्दीची पेनल्टी मारली. १-१. शिट्टी.

जादा वेळ नाही, शूटआउट नाही. वेर्दी थेट जे१ मध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत. कारण काय, तर लीगमध्ये वेर्दी तिसरे, शिमिझु चौथे. आणि बरोबरी झाली तर वरच्या क्रमांकाचा संघ पुढे, असा नियम.

आता गुणतक्ता बघा. ४२ सामने झाल्यावर वेर्दी ७५, शिमिझु ७४. एक गुण! गोलफरक शिमिझुचा +४४, वेर्दीचा +२६. एवढ्याशा फरकासाठी एका संघाला जिंकायची सक्ती आणि दुसऱ्याला बरोबरीही चालते? निदान तीस मिनिटं जादा खेळवायला काय हरकत होती? मला तरी हा अन्याय वाटतो.

संत्रानगरी

रणजीची २०२४-२५ ची फायनल आठवा. जामठ्याला आमचं विदर्भ विरुद्ध केरळ. सामना अनिर्णित, पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी, चषक विदर्भाचा. कुणी रडलं का? नियम आधीपासून माहीत होता. शिमिझुलाही माहीत होता. संपला विषय.

उडता_गोलकीपर

नाही संपला. ३७ धावांची आघाडी विदर्भाने त्याच सामन्यात, त्याच केरळविरुद्ध कमावली होती. वेर्दीचा एक गुण कुठल्या तरी तिसऱ्याच संघाविरुद्धचा.

पेठेतला_पंच

मग लीग खेळायचीच कशाला? सगळ्यांनी डिसेंबरात जमावं आणि चिठ्ठ्या टाकाव्यात.

गोलफरकाचं म्हणाल तर शिमिझुने इवाकीला त्यांच्या घरी ९-१ ने धुतलं. तुमच्या +४४ मधले आठ एका दुपारचे आहेत. उरलेल्या दुपारी काय केलं तेही सांगा ना! शेवटच्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, ते ७३ गुणांवर दुसरे होते. इवाता आणि वेर्दी ७२ वर. मितोला हरवलं असतं तर प्लेऑफचं तोंडही बघावं लागलं नसतं. मितोशी १-१ बरोबरी झाली. तिकडे इवाताने तोचिगीला हरवलं, वेर्दीने ओमियाला. नव्वद मिनिटांत दुसऱ्यावरून चौथे! आणि संघ कसला, तर गोलमध्ये २०२२ च्या विश्वचषकातला जपानचा गोंडा, मध्ये इनुई, पुढे सांताना. उलट इवातावर फिफाची बंदी होती, नवा खेळाडू नोंदवता येत नव्हता. ते दुसरे आले. अन्याय कुणावर म्हणता?

उडता_गोलकीपर

शिमिझुने माती खाल्ली हे मान्य आहे हो. पण मुद्दा नियमाचा आहे.

केशरी_ढग

नियमाचाच घ्या. त्याच्या आठवडाभर आधी उपांत्य सामन्यात शिमिझु आणि यामागाता ०-० सुटले. पुढे कोण गेलं? शिमिझु! कारण ते चौथे आणि यामागाता पाचवे. तेव्हा तुमचा धागा दिसला नाही. (मी स्वतः शिमिझुवाला आहे, म्हणून सांगतो. त्या रात्री आम्ही या नियमाची आरतीच ओवाळली होती.)

उडता_गोलकीपर

हा वार लागला. तरी सांगतो, यामागाताचे ६७ गुण होते. सात गुणांचा फरक म्हणजे दोन विजयांहून जास्त. त्याला सवलत द्या, एका गुणाला नको.

पेठेतला_पंच

म्हणजे आता फरक मोजून नियम लावायचा. पाच गुणांच्या वर सवलत, तीनच्या खाली जादा वेळ, चार असतील तर पंचांग बघा.

निशीकासाईची_काकू

मी तोक्योत राहते, त्या दिवशी मैदानात होते. वेगळंच काही सांगायचं आहे. ही सवलत सवलत नसतेच बऱ्याचदा, ते ओझं असतं. २०१२ ची प्लेऑफ फायनल घ्या. जेफ चिबाला बरोबरी पुरेशी होती, समोर सहाव्या क्रमांकाचं ओइता. ८६व्या मिनिटाला हायाशीने गोल केला आणि ओइता वर गेलं. २०१४ ला इवाताला यामागाताविरुद्ध १-१ चाललं असतं. भरपाईच्या वेळेत कॉर्नर मिळाला, यामागाताचा गोलरक्षक यामागिशी धावत पुढे आला आणि डोक्याने गोल करून गेला! गोलरक्षक! जादा वेळेची सोय असती तर तो आपली जागा सोडून आला असता का?

उडता_गोलकीपर

काकू, सामना रंगतो हे खरं. पण रंगतो म्हणून न्याय्य ठरतो का?

निशीकासाईची_काकू

न्यायाचंही सांगते. ते ओइता वर गेलं आणि २०१३ मध्ये ३४ सामन्यांत १४ गुण मिळवून परत खाली आलं. दोन विजय, बस्स. खालच्या क्रमांकाला वर जाणं थोडं अवघड असावं, यात मला काही वावगं दिसत नाही.

केशरी_ढग

आणि २०२३ चे वेर्दी २०२४ ला जे१ मध्ये सहावे आले. आम्ही जे२ जिंकून त्यांच्यामागे वर्षभराने गेलो.

उडता_गोलकीपर

पुढच्या वर्षी काय झालं यावरून त्या दिवशीचा निकाल बरोबर ठरत नाही. २०२३ ला जे२ मधून वर गेलेले बाकी दोन घ्या. माचिदा ८७ गुणांनी पहिले आले, प्रशिक्षक कुरोदा थेट शाळेच्या संघावरून आलेला, आणि पुढच्या वर्षी जे१ मध्ये तिसरे. पण इवाता दुसरे येऊन वर गेले आणि वर्षभरात खाली आले. मग त्यांची जागा चुकीची होती म्हणायचं?

पेठेतला_पंच

हे मात्र बरोबर बोललात. लिहून ठेवतो, पुन्हा योग येईल न येईल.

संत्रानगरी

मी जेवून येईपर्यंत गाडी यामागिशीच्या डोक्यापर्यंत गेली! माझ्या मुद्द्याला उत्तर दिलंत, पण अर्धंच. पहिल्या डावाची आघाडी ‘त्याच सामन्यातली’ म्हणता. मग मला सांगा, शिमिझुने ६३ ते ९६ या वेळात दुसऱ्या गोलासाठी किती जोर लावला? वेर्दीला एकच गोल लागणार हे त्यांना सामन्याआधीच माहीत होतं.

केशरी_ढग

नका हो ते आठवून देऊ. आमच्या बचावपटूने बॉक्समध्ये त्या वेळी घसरून पाय घालायची गरजच नव्हती, त्यावरच ती शेवटची पेनल्टी गेली.

निशीकासाईची_काकू

माझ्या शेजारी शिमिझुच्या केशरी शर्टातले एक आजोबा होते. शिट्टी झाल्यावर ते गुणफलकाकडे बघत कितीतरी वेळ उभे होते, दोन्ही बाजूंना १ लिहिलेला. मग त्यांनी डबा बंद केला, सीटखालचा कचरा गोळा केला आणि गेले. नियमाबद्दल एक अक्षर नाही.

उडता_गोलकीपर

काकू, त्या आजोबांना विचारायला हवं होतं. ते माझ्याच बाजूने बोलले असते.