'हे कंट्रीच नव्हे' म्हणणाऱ्यांना

नॅशविलकर

काल दुसऱ्या धाग्यावर अमेरिकेतल्या कंट्री संगीताबद्दल 'जुना बाज' यांनी लिहिलं: "२०१० नंतरचं कंट्री म्हणजे ट्रक, बिअर, तंग जीन्स आणि तीच ती चाल, अस्सल अमेरिकन स्टील गिटार गेलीच. हे कंट्रीच नव्हे. ज्यांना आवडतं त्यांचा कान तयार नाही." प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मलाही त्यातलं बरंच आवडत नाही. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचं गाणं लागलं की मी स्टेशन बदलतो. पण 'मला आवडत नाही' हे तुमचं झालं. 'हे कंट्रीच नव्हे' असा निकाल द्यायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

आणि ही ओरड जुनीच आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार (तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवतात ती) मागे सारून गाण्यामागे कोरस आणि वाद्यवृंद उभा केला, तेव्हाही जुने लोक चिडले होते. गायिका पॅट्सी क्लाइनची गाजलेली गाणी त्याच ब्रॅडलीच्या हाताखाली झाली, आणि तुम्ही नेहमी सांगता त्या लाडक्या पाच कलाकारांत ती आहे! १९७५ च्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कार सोहळ्यात गायक चार्ली रिचनं विजेत्याच्या नावाचा कागद मंचावरच लायटरनं पेटवला. नाव होतं जॉन डेन्व्हर, ज्याला जुने लोक पॉपवाला म्हणायचे. २००० साली जॉर्ज स्ट्रेट आणि ॲलन जॅक्सन या गायकांनी कंट्रीचा खून झाला असं चक्क गाण्यातून सांगितलं. तुमचं आवडतं नव्वदचं दशक तेव्हा नुकतंच सरलं होतं.

जुना बाज

माझे लाडके पाच तुम्हाला पाठ आहेत, आभारी आहे.

आता मुद्द्याचं. ॲटकिन्सच्या काळात गावोगावच्या रेडिओ स्टेशनांचे मालक वेगवेगळे होते. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती स्टेशनं घ्यावीत याची मर्यादाच काढून टाकली. काही वर्षांत एकेका कंपनीकडे शेकडो स्टेशनं गेली. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागारानं जाहीरपणे सांगितलं की कंट्रीच्या सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे लेट्यूस, बायका म्हणजे टोमॅटो, तेव्हा बायकांची गाणी बेतानंच लावा. याला तुम्ही लोकांची आवड म्हणता? वाढलेलं मुकाट खाणं आहे ते.

ह्यूस्टनची वहिनी

टोमॅटोचं निघालंच आहे तर बोलते. जुना बाज, तुमच्या सुवर्णकाळात तरी बायकांचं काय चाललं होतं? १९७५ मध्ये लोरेटा लिननं गर्भनिरोधक गोळीवर गाणं केलं, तर कित्येक स्टेशनांनी ते लावलं नाही. २००३ मध्ये डिक्सी चिक्स या कंट्री बँडच्या गायिकेनं इराक युद्धावरून राष्ट्राध्यक्ष बुशवर टीका केली, तर त्यांची गाणी रातोरात गायब. माझी लेक चौदा वर्षांची आहे, भांडी पुसताना केसी मसग्रेव्ह्ज लावते. २०१९ मध्ये त्या बाईला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तेही २०१० नंतरचंच ना? की तेही कंट्री नव्हे?

रात्रपाळी

मी सहसा लिहीत नाही, पण 'कान तयार नाही' हे लागलं.

२०१३ चा उन्हाळा. नॉक्सव्हिलबाहेरच्या एका मोटेलच्या काउंटरवर रात्री अकरा ते सकाळी सात. बर्फाच्या मशिनची घरघर, जळका वास मारणारी कॉफी आणि रेडिओ. नॅशविलकर ज्यांच्यासाठी स्टेशन बदलतात त्या जोडीचंच एक गाणं रोज चार-पाचदा लागायचं. एक ट्रकवाला आठवड्यातून एकदा यायचा. माझं इंग्रजी त्याला कळेना, त्याचं मला. एका रात्री ते गाणं लागलं, त्यानं किल्लीनं काउंटरवर ठेका धरला, एकेक शब्द सावकाश म्हणून दाखवला आणि माझ्याकडून म्हणवून घेतला. अमेरिकेत पूर्ण पाठ झालेलं माझं ते पहिलं गाणं.

जुना बाज

आठवण तुमची, तिला मी हात लावत नाही. पण भुकेल्या पोटी शिळी भाकर गोड लागली, म्हणून ती ताजी ठरत नाही.

रात्रपाळी

भाकरीचे दाखले मला देऊ नका. शिळी कुठली आणि ताजी कुठली, हे खाणाऱ्याला चांगलं कळतं.

तबकडी

अवांतर आहे, पण राहवत नाही. जुना बाज ज्या 'अस्सल अमेरिकन' स्टील गिटारसाठी हळहळतात, ती हवाई बेटांची. जोसेफ केकुकू या हवाईयन पोरानं ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढली असं मानतात. बँजोचं मूळ आफ्रिकेत. आणि स्टील गिटार आपल्याकडेही घरोघरी ऐकली जायची! व्हॅन शिपली, हजारा सिंग यांच्या सिनेगीतांच्या तबकड्या वडील दर रविवारी आंघोळीनंतर लावायचे. टेक्सासच्या एका बारमध्ये पहिल्यांदा कंट्रीतली स्टील ऐकली, तेव्हा मला आमच्या घरचा रविवार आठवला.

कोमल निषाद

तबकडी, थोडी दुरुस्ती. तुमच्या वडिलांची हवाईयन गिटार, बारमधली बहुतेक पेडल स्टील. १९५४ मध्ये गायक वेब पिअर्सच्या गाजलेल्या गाण्यात वादक बड आयझॅक्सनं सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो चढवला, बाकीच्या तारा जागच्या जागी. मग कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशविलचे वादक पेडल बसवून घ्यायला धावले. हवाईयनवर तसा सूर चढवायचा तर कांडी सरकवावी लागते, म्हणजे सगळ्या तारा एकदम सरकतात. एका तारेवर मात्र मींड अशी येते की शास्त्रीय वादक ब्रिजभूषण काब्रा त्यावर अख्खा राग उभा करायचे.

जुना बाज

म्हणजे ज्या आवाजासाठी मी भांडतोय तो १९५४ चा नवा शोध. बरं.

'कान तयार नाही' मागे घेतो. रात्रपाळी, भाकरीचंही. 'कंट्री नव्हे' मात्र मागे घेणार नाही. २०१५ च्या सीएमएला गायक ख्रिस स्टेपल्टन गायला, ते खरं. २०१० नंतरच्यांपैकी तेवढा एक मान्य.

ह्यूस्टनची वहिनी

आणि मसग्रेव्ह्ज?

जुना बाज

ऐकून सांगतो.

तबकडी

कोमल निषाद, वडिलांची गिटार आणि पोलादी कांडी माझ्याकडेच आहे. तारा गंजल्यात, नव्या आणल्या. कोणत्या सुरांत लावू?

कोमल निषाद

जाड तारेकडून: ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. तारा उंच उचलून घ्या, कांडी पट्टीला टेकता कामा नये.